सड्याला पोटखराबा म्हणू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या सातबाऱ्यावर सड्याची, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या कातळाची, नोंद 'पोटखराबा' (लागवडीस अयोग्य जमीन) अशी आहे. राजापूर तालुक्यातला आमचा कातळ उन्हाळ्यात पाय भाजतो हे खरं, पण पावसाळ्यात वर जाऊन पाहा. पहिल्या सरींनंतर दीपकाडीची पांढरी फुलं डोलू लागतात. ही वनस्पती कोकण-गोव्याच्या कातळाचीच. भाद्रपदात 'सीतेची आसवं' ही फुलं सगळा सडा निळाजांभळा करून टाकतात. कातळावर खत कुठलं? म्हणून सीतेच्या आसवांची इवलीशी झाडं पाण्यातले बारीक जीव पकडून जगतात.

२०२५ साली पाऊस मे महिन्यातच आला आणि मग त्यानं ओढ दिली. उथळ डबकी आटली. तळाशी बेडूकमासे वाळून चिकटलेले मी पाहिले. शंभर पावलांवरच्या खोलगट डबक्यात मात्र ते तगले होते. पाऊस असा बेभरवशाचा झाला की या जिवांची सारी मदार सड्याच्या उंचसखलपणावर असते. एक डबकं आटलं तरी दुसरं असतं. कातळ फोडून सपाट केला की दुसरं उरतच नाही.

मी स्वतः आंबा बागायतदार आहे. तीस वर्षांपूर्वी मीही सुरुंग लावून दीड एकर कातळ फोडला, बाहेरून माती आणून खड्डे भरले आणि हापूसची कलमं लावली. त्या कलमांवर माझ्या मुलींची शिक्षणं झाली, हे मी विसरलेलो नाही. पण त्या तुकड्यावर दीपकाडी पुन्हा दिसली नाही. आता तर जेसीबी आला की काही दिवसांत अख्खा सडा जातो.

कोकणची कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत, याचा आम्हाला अभिमान आहे. मग ती ज्या कातळावर कोरली, तो का फोडायचा?

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगाव जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. आमच्या गावची नोंदवही मी मागून पाहिली. तिच्यात आंबा, फणस, काजू आहेत, सडा नाही. याच कायद्याखाली आंबोलीचं हिरण्यकेशी २०२१ मध्ये एका लहानशा माशासाठी जैवविविधता वारसास्थळ झालं. सड्यांची नोंदही व्हावी, तीही भर पावसात, गुराख्यांना सोबत घेऊन. तोवर अखंड कातळ फोडायला नवी परवानगी देऊ नये, अशी जिल्हा प्रशासनाला विनंती आहे.

माझ्या नावावर अजून चार एकर न फोडलेला सडा आहे. तो मी फोडणार नाही. नोंदवहीत पहिला तोच लिहावा, असं येत्या ग्रामसभेत मी सांगणार आहे.

आपला,
एक आंबा बागायतदार
ता. राजापूर, जि. रत्नागिरी