एक माशी, अडीचशे फ्रेम

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मी पाठवलेला माशीच्या चेहऱ्याचा फोटो आवडला म्हणतोस, याचा आनंद झाला. पण पुढे तू जे विचारलंस, "अडीचशे फोटो कॉम्प्युटरने जोडले, मग याला फोटो म्हणायचं का?", ते मनात घर करून बसलं. फोन करून उत्तर दिलं असतं तर अर्धं राहून गेलं असतं, म्हणून लिहितोय.

आधी अडचण समजून घे. नेहमीच्या लेन्सने एफ/८ वर (एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं भोक लहान) माणसाचा फोटो काढला की नाकापासून कानापर्यंत सगळं शार्प येतं. वस्तू जितकी मोठी करून बघावी, तितका हा शार्प पट्टा आकसत जातो. दहापट मोठं करणारं साधं मायक्रोस्कोप ऑब्जेक्टिव्ह (मायक्रोस्कोपची वस्तूकडची लेन्स; तिचं न्यूमरिकल अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश गोळा करायची क्षमता, ०.२५) कॅमेऱ्याला लावलं, तर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे शार्प दिसणारी खोली, उरते जेमतेम ९ मायक्रोमीटर. म्हणजे एक मिलिमीटरचा शंभरावा भागसुद्धा नाही. माशीच्या चेहऱ्याची खोली दीड मिलिमीटर धर. एका फोटोत त्यातली एक पातळ चकती तेवढी दिसते. डोळ्याच्या फुगवट्यावर चार-दोन ओळी शार्प, आणि पुढेमागे सगळं धुकं.

अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, लहान कर म्हणशील. तिथेच खरी गोम आहे. लेन्सवर लिहिलेला एफचा आकडा या जगात चालत नाही. त्याला 'मोठेपणा अधिक एक' याने गुणावं लागतं. पाचपट मोठं करताना लेन्स एफ/११ वर ठेवलीस, तर ती प्रत्यक्षात एफ/६६ सारखी वागते. एवढ्याशा भोकातून जाताना प्रकाश डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे भोकाच्या कडांशी वळल्यामुळे, इतका पसरतो, की कीटकावरचा एक बिंदू सेन्सरवर सुमारे ९० मायक्रोमीटरचा डाग होऊन पडतो. आजच्या बऱ्याच सेन्सरांवर एक पिक्सेल चार-पाच मायक्रोमीटरचा असतो. मग खोली मिळते, पण त्या खोलीत बघण्यासारखं काही उरत नाही. सगळं सारखंच मऊ.

म्हणून अ‍ॅपर्चर उघडंच ठेवायचं, पातळ पण धारदार चकती घ्यायची, कॅमेरा रेलवर, म्हणजे मोटरने सरकणाऱ्या पट्टीवर, एक पायरी पुढे सरकवायचा आणि पुढची चकती घ्यायची. या चकत्या जोडून एक चित्र करणं म्हणजे स्टॅकिंग. चकत्या एकमेकींवर थोड्या चढलेल्या हव्यात, म्हणून ९ मायक्रोमीटरच्या खोलीला मी पायरी ६ ची ठेवतो. दीड मिलिमीटरला अडीचशे फ्रेम होतात त्या अशा. हा आकडा हौसेने फुगवलेला नाही, भौतिकशास्त्राने दिलेला आहे.

पायऱ्या मोजून मोटर काम करते. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. कंपनांबद्दल मात्र सांगायला हवं. दहापटीला कीटक १० मायक्रोमीटर हलला तर सेन्सरवर प्रतिमा १०० मायक्रोमीटर सरकते, म्हणजे पंचवीसेक पिक्सेल. शेजारच्या खोलीतलं चालणं, टेबलाला लागलेला हात, खुद्द कॅमेऱ्याचा शटर, सगळं त्या फ्रेममध्ये उमटतं. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक शटर आणि कमी ताकदीवर ठेवलेला फ्लॅश. फ्लॅशची ताकद उतरवली की त्याचा लखलखाटही आखूड होतो, सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि तेवढ्या वेळात कंपनाला फार जागाच मिळत नाही.

आता प्रकाश. इथे मला सतराव्या शतकातला इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक आठवतो. १६६५ साली त्याचं 'मायक्रोग्राफिया' हे मायक्रोस्कोपमधून पाहिलेल्या गोष्टींचं पुस्तक छापलं गेलं, त्यात माशीच्या डोळ्यांचं ते प्रसिद्ध चित्र आहे. हुकने लिहून ठेवलंय, की माशीचा डोळा एका प्रकाशात भोकं पाडलेल्या जाळीसारखा दिसतो, उन्हात सोन्याचे खिळे ठोकलेल्या पृष्ठभागासारखा, कोन बदलला की पिरॅमिडांसारखा आणि आणखी बदलला की शंकूंसारखा. डोळा तोच, माशी तीच! म्हणून वेगवेगळ्या प्रकाशात, वेगवेगळ्या बाजूंनी पुन्हा पुन्हा बघून खरा आकार कळल्याशिवाय तो चित्र काढायला घेतच नसे.

मी हे वाचलं तेव्हा वाटलं, हा माणूस कॅमेऱ्याशिवाय स्टॅकिंगच करत होता. त्याच्या भिंगातूनही एका वेळी एकच चकती दिसत असणार. फोकस वरखाली करत, एकेक थर डोक्यात साठवत त्याने कागदावर एक पूर्ण डोळा उतरवला. तो डोळा त्याला एका नजरेत कधीच दिसला नव्हता. तरी त्या चित्राला कोणी खोटं म्हणत नाही. आपला स्वतःचा डोळाही एका वेळी एकाच अंतरावर फोकस करतो. समोरचं सगळं दृश्य शार्प आहे असं वाटतं, ते नजर फिरवून आपण मनात जुळवलेलं असतं.

हुकने पाहिलेलं ते खिळे-शंकूंचं कोडं आजही जसंच्या तसं आहे. उघड्या फ्लॅशने फोटो काढलास तर माशीच्या डोळ्यातल्या प्रत्येक नेत्रिकेवर, म्हणजे ज्या बारीक भिंगांनी तो डोळा बनतो त्यातल्या प्रत्येकावर, एक पांढरा ठिपका उमटतो आणि खालचा रंग, षटकोनी जाळी, नेत्रिकांच्या मधले केस, सगळं त्या ठिपक्यांत जळून जातं. प्रत्येक नेत्रिका म्हणजे एक बारीकसा घुमट, आणि घुमटात दिव्याचंच प्रतिबिंब पडणार. दिवा लहान असेल तर ठिपका, दिवा मोठा असेल तर मऊ उजेड. त्यामुळे कीटकाभोवती ट्रेसिंग पेपरची नळी करून तिच्यावर बाहेरून प्रकाश टाकायचा. मग कीटकाला सगळं आकाशच उजळल्यासारखं होतं. लेन्सवर लोक खूप खर्च करतात. माझं मत विचारशील तर चांगल्या आणि सामान्य फोटोतला मोठा फरक या कागदाच्या नळीने पडतो.

आता कॉम्प्युटर काय करतो ते. झेरीन स्टॅकर आणि हेलिकॉन फोकस ही दोन सॉफ्टवेअर जास्त चालतात. कॅमेरा सरकला की प्रतिमेचा आकार किंचित बदलतो, तो आधी जुळवला जातो. मग झेरीनमध्ये डीमॅप आणि पीमॅक्स अशा दोन वाटा आहेत. डीमॅप प्रत्येक जागेसाठी ठरवतो, की इथे कोणती फ्रेम सर्वांत शार्प आहे, आणि तिथला भाग त्या फ्रेममधून घेतो. रंग आणि गुळगुळीत पोत त्यात सुरेख राहतात, पण एकमेकांवरून जाणाऱ्या केसांपाशी तो अडखळतो. पीमॅक्स प्रत्येक फ्रेम जाड तपशील, मध्यम तपशील, बारीक तपशील अशी पिरॅमिडसारखी उलगडतो आणि प्रत्येक पातळीवर जो ठळक असेल तो उचलतो. या पिरॅमिडची कल्पना पीटर बर्ट आणि एडवर्ड अ‍ॅडेलसन यांनी १९८३ मध्ये मांडली ती प्रतिमा कमी जागेत साठवण्यासाठी. कीटकांच्या केसांना ती अशी लागू पडेल असं तेव्हा कोणाच्या मनात असेल का? पीमॅक्स केसांचं जंगल लीलया सोडवतो, मात्र नॉइज (चित्रातला दाणेदारपणा) आणि कॉन्ट्रास्ट दोन्ही वाढवतो.

तुझ्या प्रश्नाचं मर्म या केसांत आहे. माशीच्या चेहऱ्यासमोर एक जाड केस पुढे आलाय समज. केसावर फोकस असताना मागचा गाल धूसर. गालावर फोकस आला की केस धूसर होतो, पसरतो आणि आपल्याभोवतीचा गालाचा पट्टा झाकोळून टाकतो. म्हणजे केसाच्या कडेला लागून गालाची एक अरुंद पट्टी अशी असते, जी अडीचशेपैकी एकाही फ्रेममध्ये स्वच्छ दिसलेली नाही. सॉफ्टवेअर तिथे एक फिकट कडा सोडतं. तिला हॅलो म्हणतात.

तिथे माझ्यासमोर दोन रस्ते असतात. शेजारचा पोत उचलून ती पट्टी भरून काढायची, किंवा मूळ फ्रेमांत परत जायचं, त्यातल्या त्यात बरी दिसणारी फ्रेम शोधायची आणि तेवढाच भाग ब्रशने तिच्यातून आणायचा. मी दुसराच रस्ता धरतो. बरी फ्रेम सापडली नाही तर हॅलो तसाच ठेवतो. पहिल्या रस्त्याने फोटो देखणा होतो, पण मग त्या केसाच्या कडेला माशी नसते, मी असतो. माझ्या स्टॅकमधलं जे काही तू पाहतोस ते कुठल्या ना कुठल्या फ्रेममध्ये त्या कीटकावरून आलेल्या प्रकाशाने लिहिलेलं आहे. ही अट पाळली तर मी त्याला निःशंकपणे फोटो म्हणतो. पाळली नाही तर तुझा आक्षेप मला मान्य आहे.

छायाचित्रकार लेव्हॉन बिस यांचं काम तू पाहावंस. ऑक्सफर्डच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातले कीटक त्यांनी तीसेक भागांत विभागून टिपले, प्रत्येक भागाला त्याला शोभेल असा वेगळा प्रकाश दिला, आणि एकेका चित्रामागे आठ-दहा हजार फ्रेम आहेत. २०१६ मध्ये ती चित्रं तिथेच प्रदर्शनात लागली. मी ती तासन्‌तास बघू शकतो. तरी माझ्या कामात प्रकाश पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत मी हलवत नाही. एका कीटकावर एका वेळी पडलेला एक प्रकाश मला हवा असतो.

तू आणखी एक विचारलंस, कीटक एवढा वेळ स्थिर कसा राहतो? दहापटीला तो मेलेलाच असावा लागतो, हे सरळ सांगतो. मी फोटोसाठी मारत नाही. खिडकीच्या कडेला, दिव्याखाली आपणहून मेलेले खूप मिळतात. पण उशीर करून चालत नाही. गोमाशीच्या डोळ्यांवरचे हिरवे-तांबडे पट्टे रंगद्रव्याचे नसतात, नेत्रिकांच्या कवचातल्या अतिसूक्ष्म थरांमुळे ते दिसतात. ती सुकत गेली की पट्टे विरून डोळा तपकिरी होतो. आणि सुकणारा कीटक हलतोही. स्टॅक चालू असताना मिशी अगदी सावकाश खाली झुकते आणि शेवटच्या चित्रात तिच्या दोन मिशा होतात. जिवंत कीटकाचा स्टॅक हवा असेल तर पहाटे, तो गारठून बसलेला असताना, दोन-तीन पटींवर थोड्याच फ्रेममध्ये भागवावं. हुकलाही हीच अडचण आली होती. मुंगी स्थिर बसेना म्हणून त्याने तिला ब्रँडीत बुडवलं. ती तासभर निपचित पडली आणि मग एकदम उठून पळाली.

तुझ्याकडे तो जुना मायक्रोस्कोप पडून आहे, तोच काढ. त्याच्या चारपटीच्या ऑब्जेक्टिव्हवर ४/०.१० आणि १६० असे आकडे असतील. १६० लिहिलेलं असेल तर मधे दुसरी लेन्स लागत नाही, कॅमेऱ्यापुढे एक्स्टेंशन ट्यूब (काच नसलेल्या पोकळ नळ्या) जोडून त्यांच्या टोकाला ते बसवता येतं. अनंताचं चिन्ह असेल तर मात्र २०० मिलिमीटरच्या टेलिफोटो लेन्सपुढे लावावं लागेल. त्याच मायक्रोस्कोपचा बारीक फोकसचा स्क्रू तुझी रेल होईल: कीटक त्याच्या मंचावर ठेव, कॅमेरा वरून पक्का बसव. अशा बऱ्याच स्क्रूंच्या एका पूर्ण फेरीला २०० मायक्रोमीटर होतात, तुझ्यावरच्या खुणा एकदा तपासून घे. चारपटीला खोली ५५ मायक्रोमीटरची मिळते, तेव्हा पायरी ४० ची ठेव. चाळीसेक फ्रेममध्ये माशीचं डोकं होऊन जाईल.

स्टॅक झाला की तयार चित्र पाठवच, पण मूळ फ्रेमाही सगळ्या पाठव. पीमॅक्स आणि डीमॅप दोन्ही मी इथे चालवून बघतो, आणि कुठल्या केसापाशी काय झालं त्यावर आपण फोनवर सविस्तर बोलू.

तुझाच,
मित्र