गोष्टींचे कपाट रिकामे करू नका

‘शालेय ग्रंथालयांत कादंबऱ्यांऐवजी स्पर्धा परीक्षांची पुस्तके ठेवावीत’ हे वाचकपत्र वाचले. ते मुळीच पटले नाही. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला. मने मात्र कायद्याने बदलली नाहीत, ती हलवली कादंबऱ्यांनी. पुढच्याच वर्षी विधवांच्या दुःखावरची बाबा पदमनजींची कादंबरी ‘यमुनापर्यटन’ आली आणि १८९० च्या दशकात हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीची नायिका यमू ‘करमणूक’ साप्ताहिकातून वाचकांच्या घरात शिरली. विधवांच्या केशवपनाविरुद्धचा निबंध वाचणे वेगळे आणि ते दुःख यमूच्याच तोंडून ऐकणे फार वेगळे. तिथे वाचक वाद घालत नाही, तिच्याबरोबर रडतो. सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या आईच्या मुलीला गोष्टीचे पुस्तक मिळते ते बहुधा शाळेच्या कपाटातच. परीक्षांची पुस्तके जरूर आणा, पण त्यासाठी दुसरे कपाट घ्या.

– एक शिक्षक, सोलापूर