कॅलिबरवर भांडण्याआधी नेम बघा

मा. संपादक, स.न.वि.वि.

शेतवस्तीवर चोरी झाल्याची बातमी आली की आमच्या खानापूर भागातली पोरं कट्ट्यावर एकच विषय घेऊन बसतात, पिस्तुलाच्या गोळीचं माप, म्हणजे कॅलिबर, ९ एमएम भारी की पॉइंट फोर्टी-फाईव्ह (०.४५ इंची). मोबाईलवर अमेरिकन व्हिडिओ बघून बोलायलेत सगळे. मी फौजेत ९ एमएम चालवलेला माणूस, म्हणून लिहितोय.

९ एमएम आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्यांना बंदी असलेलं माप, साध्या माणसाला डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसातून त्याचं लायसन मिळतच नाही, मिळालं तर बहुतेक पॉइंट थर्टी-टू, म्हणजे कानपूरचं रिव्हॉल्व्हर नाहीतर अशनी पिस्तूल. अर्धा वाद इथंच खलास.

आता ताकदीचं. पॉइंट फोर्टी-फाईव्हची गोळी १५ ग्रॅमची पण संथ, ९ एमएमची ८ ग्रॅमची पण सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास पळते, थर्टी-टू पिस्तुलाची जेमतेम साडेचार ग्रॅम आणि वेगही कमी. कागदावर थर्टी-टू दुबळीच, मान्य. पण अमेरिकेत काय झालं बघा, १९८६ ला मायामीत एफबीआयची, म्हणजे तिथल्या केंद्रीय तपास पोलिसांची, चकमक झाली, त्यात ९ एमएमची गोळी गुन्हेगाराच्या दंडातून छातीत शिरून हृदयाच्या अलीकडेच थांबली, गडी लढतच राहिला आणि दोन एजंट मारले गेले, मग त्यांनी आधी १० एमएम आणलं, मग पॉइंट फोर्टी, आणि गोळ्या सुधारल्यावर २०१४ नंतर परत ९ एमएमवरच आले. त्यांच्या टेस्टमध्ये गोळी मांसासारख्या घट्ट जेलीत १२ ते १८ इंच गेली पाहिजे, ते नव्या ९ एमएमला जमतंय, वर धक्का कमी म्हणून दुसरी गोळीही नीट लागते. पिस्तुलाच्या गोळीनं माणूस सिनेमातल्यासारखा उडत नाही ओ.

आमच्याकडं खरी अडचण बोटाची. रिव्हॉल्व्हर मागचा हॅमर आधी अंगठ्यानं न ओढता चालवलं तर ट्रिगर जड लागतो, सवय नसली की बोट हिसका देतं, नळीचं तोंड खाली जातं आणि दहा पावलांवर छातीची गोळी मातीत. कित्येक लायसनवाल्यांनी घेतल्यापासून पाच गोळ्याही झाडल्या नसतील, हत्यार चामडी पाकिटात घालून कपाटात, आणि आपला पावसाळा तर माहितीच आहे, चामडं ओल धरतं, गंज चढतो. बाहेर निघतं ते इलेक्शनला ठाण्यात जमा करायला, नाहीतर लग्नात मिरवायला (हवेत बार काढला तर २०१९ च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत आत, तेही ऐकून ठेवा).

२०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये लायसनसाठी ट्रेनिंगची अट आहे, ती सर्टिफिकेटपुरती राहू नये. रिन्यूअलच्या वेळी पोलिसांच्या फायरिंग रेंजवर प्रत्येकाकडून निदान दहा राउंड झाडून घ्यावेत, गोळ्यांचे पैसे आम्ही भरू. शिकवायला माणसं हवीत तर बेळगावच्या मराठा रेजिमेंट सेंटरचे रिटायर उस्ताद इथं गावोगाव बसून आहेत, बोलावलं तर चहावर येतील.

आपला,
एक माजी सैनिक, ता. खानापूर