पहाटेचं पाणी

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, "पहाटे साडेतीनला कशाला जातेस? नदी काय पळून जाणार आहे?" असं परवा फोनवर तुम्ही विचारलंत. तेव्हा हसून टाळलं, पण प्रश्न रास्त होता.

पहिल्या वर्षी मी आरामात दुपारी नमुने घ्यायचे. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 9 मिलिग्रॅमच्या वर! नदी ठणठणीत, असा अहवालही लिहिला. काठावर जाळं सांधत बसलेले एक आजोबा म्हणाले, "पोरी, मासे मरतात रात्री, आणि तू येतेस दुपारी." ओशाळले. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसलेलं शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर तोच ओढून घेतं, हे परीक्षेत लिहून मी मार्क मिळवले होते की!

मग पहाटे गेले. बाटली पाण्याखालीच काठोकाठ भरायची, आत एक बुडबुडाही राहता कामा नये. त्यात दोन रसायनं घातली की साका धरतो: ऑक्सिजन असेल तर तपकिरी, नसेल तर पांढरा. 1888 सालची विंकलरची पद्धत आहे ही. टॉर्चच्या उजेडात बाटली धरली, तर साका जवळजवळ पांढराच. आकडा 2 च्याही खाली आला.

बाबा, तुम्हाला वाटायचं मी पूल किंवा धरण बांधीन, पाहुण्यांना दाखवता येईल असं काहीतरी. माझं काम तसं दिसत नाही. उलट नाल्याचं तोंड दाखवून लोक म्हणतात, "इथे तर पाणी बरं आहे." पण जिवाणू ऑक्सिजन वापरत घाण खातात, त्याला वेळ लागतो, तोवर पाणी पुढे गेलेलं असतं. ऑक्सिजनचा तळ लागतो तो कित्येक किलोमीटर खाली, दुसऱ्याच कुणाच्या दारात. स्ट्रीटर आणि फेल्प्स या संशोधकांनी अमेरिकेतल्या ओहायो नदीवर काम करून 1925 सालीच याचं गणित मांडलंय. मी तेच गणित घेऊन बैठकांमध्ये भांडते. निम्म्या वेळा हरते, हेही सांगून टाकते.

आई, हातमोजे घालते. खरंच.

जिवाणू किती ऑक्सिजन संपवतात ते बघायला गुरुवारी ठेवलेल्या नमुन्यांच्या बाटल्या 20 अंशांवर, अंधारात, पाच दिवस राहतात. मंगळवारी त्या उघडायच्या आहेत. त्या दिवशी फोन लागला नाही, तर काळजी करत बसू नका.

तुमची,
छोटी