स्पॅनिश शिकवायला कुठे शिकायचे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की वृत्तपत्रांच्या करिअर पुरवण्यांत परकीय भाषांवर एखादा लेख हमखास येतो आणि त्यात अलीकडे जर्मन-फ्रेंचच्या जोडीला स्पॅनिशही असते. वीसेक देशांची अधिकृत भाषा, संयुक्त राष्ट्रांच्या ६ अधिकृत भाषांपैकी एक, सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा ही माहिती त्यात दिलेली असते, आणि ती खरीच आहे. संधींच्या यादीत पर्यटन, अनुवाद आणि आयटी यांच्यानंतर अध्यापनाचाही उल्लेख होतो; पण अध्यापनाची तयारी कुठे आणि कशी करायची, याविषयी हे लेख काही सांगत नाहीत.

मी विद्यापीठात स्पॅनिश शिकत आहे आणि पुढे मुंबईतच शाळेत किंवा महाविद्यालयात ही भाषा शिकवण्याचा माझा विचार आहे. भाषा शिकण्याची सोय या शहरात बऱ्यापैकी आहे. ती शिकवायला शिकण्याची सोय मात्र मला अजून सापडलेली नाही.

सध्या खासगी क्लासमध्ये आणि काही शाळांतही ‘डेले’ या स्पॅनिशच्या परीक्षेचे बी२ (वरच्या मध्यम) किंवा सी१ (प्रगत) पातळीचे प्रमाणपत्र हीच शिक्षकाची पात्रता मानली जाते. स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीने सर्वांतेस संस्था हे प्रमाणपत्र देते. वाचन-लेखन या एका गटात आणि श्रवण-संभाषण या दुसऱ्या गटात प्रत्येकी ५० पैकी ३० गुण मिळाले की उमेदवार उत्तीर्ण होतो आणि ते प्रमाणपत्र कायम वैध राहते. परीक्षा कसून होते, तिच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पण उमेदवाराला भाषा किती येते एवढेच ती तपासते. आठवीच्या वर्गातल्या ४० मुलांना ती भाषा समजावून सांगता येईल का, हा प्रश्न तिच्या कक्षेतच नाही. महाविद्यालयात शिकवण्यासाठी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्यायची, तर त्यात स्पॅनिश विषय आहे. परंतु ती संपूर्ण बहुपर्यायी परीक्षा असल्याने एकही पाठ न घेता माणूस सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र ठरतो. शाळेसाठी बी.एड. करावे, तर मी चौकशी केली त्या अध्यापक महाविद्यालयांत स्पॅनिशची अध्यापनपद्धती उपलब्ध नव्हती आणि ‘इंग्रजीची पद्धती घ्या, त्यावर भागेल’ असा सल्ला मिळाला.

तो सल्ला चांगल्या हेतूने दिला असला तरी माझा मुख्य आक्षेप त्यालाच आहे, कारण इंग्रजीवर भागवण्याची ही सवय आपल्या स्पॅनिश वर्गांत आधीच खोलवर रुजली आहे. आपण वापरतो त्या पुस्तकांतली व्याकरणाची स्पष्टीकरणे बहुधा इंग्रजी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. त्याला जे अवघड जाते त्यावर पानेच्या पाने खर्च होतात आणि आपल्याला जे अवघड जाते ते दोन ओळींत उरकले जाते. ‘मे गुस्ता एल लिब्रो’, ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’ ही रचना इंग्रजी विद्यार्थ्याला उलटी वाटते. मराठी मुलाला ‘मला पुस्तक आवडते’, ‘मला पुस्तके आवडतात’ एवढे फळ्यावर लिहून दाखवले की पुरते, कारण क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलते हे त्याच्या जिभेला लहानपणापासून ठाऊक असते. माणूस कर्म असेल तर त्याच्याआधी ‘आ’ हे अव्यय येते आणि निर्जीव वस्तू असेल तर येत नाही, हा नियमही तसाच. आपण ‘मी घर पाहते’ आणि ‘मी राजूला पाहते’ असे म्हणतोच. ‘त्याने यावे अशी माझी इच्छा आहे’ या वाक्यातला आपला विध्यर्थ स्पॅनिशमधल्या बहुचर्चित सुबखुंतिव्होचे, म्हणजे इच्छा-शंका दाखवणाऱ्या क्रियापदरूपांचे, दार उघडून देतो. इंग्रजीतून शिकणाऱ्याला त्या दारापाशी सहा-सहा महिने ताटकळावे लागते. त आणि द हे दंत्य उच्चार तर आपल्याला फुकटच मिळालेले आहेत.

अर्थात मराठी सगळीकडे सोबत करीत नाही, आणि प्रशिक्षित शिक्षकाची खरी गरज तिथेच पडते. ‘तो येईल तेव्हा’ इथे आपण साधा भविष्यकाळ वापरतो, स्पॅनिश मात्र पुन्हा सुबखुंतिव्हो मागते. ‘घर दादरला आहे’ आणि ‘लग्न दादरला आहे’ या दोन्ही वाक्यांत आपले एकच ‘आहे’ चालते. स्पॅनिशमध्ये घरासाठी ‘एस्तार’ आणि लग्नासाठी ‘सेर’, कारण एक वस्तू आहे आणि दुसरा प्रसंग. ‘सेर म्हणजे कायमचे, एस्तार म्हणजे तात्पुरते’ हा क्लासमध्ये सर्रास सांगितला जाणारा नियम इथे पार कोलमडतो, कारण घर काही उद्या दादरहून हलणार नसते. ‘एल’ आणि ‘ला’ ही इंग्रजी ‘द’सारखी उपपदे आपल्याकडे नाहीतच, त्यामुळे ती गाळण्याची खोड मराठी विद्यार्थ्याला हटकून लागते. कोणती चूक कुठून येते हे आधीच माहीत असलेला शिक्षक आणि ती चूक लाल शाईने नुसती खोडणारा शिक्षक यांत मोठा फरक असतो, आणि तो फरक अनुभवाने आपोआप भरून निघेल असे मानणे म्हणजे पहिल्या काही वर्षांतल्या विद्यार्थ्यांवर अन्याय आहे.

मराठीच्या आधाराने स्पॅनिश शिकवणे मुंबईत विशेष शक्य आहे. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली, आणि त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक स्तरावर शिकवता येतील अशा परकीय भाषांत स्पॅनिशचे नाव घेतले. म्हणजे एकाच मुलाला एका तासाला मराठी आणि पुढच्या तासाला स्पॅनिश असे चित्र या शहरातल्या आंतरराष्ट्रीय मंडळांच्या शाळांत दिसू शकते. घरी गुजराती किंवा हिंदी बोलणाऱ्या मुलालाही मराठीचे व्याकरण शाळेत भेटतेच. असे असताना या दोन तासांचे शिक्षक एकमेकांशी कधी बोलत नाहीत, ही मला मोठी नासाडी वाटते.

कोणती स्पॅनिश शिकवायची, हाही प्रश्न शिक्षकाने वर्गात पाऊल टाकण्यापूर्वी सोडवायला हवा. स्पेनची लोकसंख्या ५ कोटींच्या आत आहे, एकट्या मेक्सिकोची १२ कोटींहून अधिक. पण स्पेनमध्ये छापलेली पुस्तके ‘वोसोत्रोस’ची (अनौपचारिक ‘तुम्ही’ची) रूपे घोकून घेतात, जी लॅटिन अमेरिकेत रोजच्या बोलण्यात वापरलीच जात नाहीत. मला विचाराल तर ती ओळखता यावीत, घोकू नयेत.

माझी सूचना एवढीच आहे की, मुंबईतील विद्यापीठांनी बी२ किंवा त्यावरील पातळी गाठलेल्यांसाठी स्पॅनिश अध्यापनाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू करावा. त्यात साहित्य-इतिहासाचे पेपर कमी असले तरी चालतील, पण प्रत्यक्ष शाळेत घेतलेले आणि कोणीतरी मागच्या बाकावर बसून पाहिलेले पाठ असावेत, विद्यार्थ्यांच्या खऱ्या वह्यांतील चुकांचा अभ्यास असावा आणि मराठी-स्पॅनिश तौलनिक व्याकरणाचा एक पूर्ण पेपर असावा. शिकवणार कोण, अशी शंका घेतली जाईल. दिल्ली-हैदराबादच्या विद्यापीठांतून स्पॅनिशमध्ये एम.ए. होऊन आलेली मंडळी या शहरात आहेत, त्यांतली अनेक जण आज क्लासवर आणि अनुवादावर गुजराण करतात. तौलनिक व्याकरणाच्या पेपरसाठी मात्र बी.एड.ला मराठीची पद्धती शिकवणाऱ्या अनुभवी प्राध्यापकांना बोलवावे. त्यांना स्पॅनिश येत नसली तरी हरकत नाही, ती बाजू आम्ही विद्यार्थी सांभाळू. वर्ग शनिवार-रविवार भरवले, तर आठवडाभर नोकरी करणाऱ्यांनाही प्रवेश घेता येईल आणि पाठांसाठी लागणाऱ्या शाळांशी वर्षाच्या सुरुवातीलाच करार करून ठेवता येतील.

आपली,
स्पॅनिशची एक विद्यार्थिनी,
मुलुंड (पूर्व), मुंबई