चिंगीच्या पिसवा

पुणे, भाद्रपद वद्य पंचमी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण आपली कुत्री चिंगी. दोनदा आंघोळ घालूनही ती रात्रभर शेपटीच्या मुळाशी चावत बसते, म्हणून आता फिनेलच्या पाण्याने धुऊन पाहणार, असे बाबा काल फोनवर म्हणाले. बाबा, कृपा करून ते करू नका. फिनेल कातडीतून अंगात भिनते आणि राहिलेले ती चाटून पोटात घेईल. मोत्याला आपण रॉकेल चोळले होते आणि त्याच्या पाठीची सालटी निघाली होती, हे मी अजून विसरलेले नाही.

चिंगीच्या अंगावर आहेत त्या गोचिडी नव्हेत, पिसवाच. गणपतीत मी माझी लहानपणची उवांची फणी तिच्या पाठीवरून फिरवली, तेव्हा मिरपुडीसारखे काळे कण निघाले आणि ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवताच प्रत्येकाभोवती तांबूस कडे पसरले. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे चिंगीचेच पचलेले रक्त. चार किलोच्या जिवाला ते परवडत नाही; आई, तिच्या हिरड्या पांढुरक्या दिसतात का, ते पाहून ठेव.

नुसत्या आंघोळीने भागत नाही, कारण पिसवांचा संसार कुत्र्याच्या अंगावर थोडा आणि घरात फार असतो. एक मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते आणि ती केसांतून निसटून पडवीतल्या गोणपाटात, सारवणाच्या भेगांत, लाकडांच्या राशीखाली पडतात. अळ्यांना हवा असलेला अंधार आणि दमटपणा आपल्याकडे पावसाळाभर आयताच मिळतो. कोशातली पिसू तर महिनोन्महिने थांबते आणि पावलांचा हादरा, अंगाची ऊब जाणवली की बाहेर पडते. मे महिन्यात चिंगी माडीवर झोपत असे. ती बंद खोली आम्ही गणपतीत उघडताच पिंढऱ्यांवर चावे उठले, ते त्यामुळेच असणार. बाबांनी मात्र माझ्या पुण्याच्या बॅगेतून ढेकूण आल्याचे जाहीर केले होते!

तेव्हा आंब्याच्या काट्यावर टोपलीत बसवून तिचे नेमके वजन करा आणि ते सांगून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून मानेवर सोडायचे औषध आणा. शेजारच्या मोठ्या कुत्र्याचे उरलेले औषध अंदाजाने वापरू नका. घरात मांजर आहे, हेही डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण कुत्र्यांच्या काही औषधांतले परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराच्या जिवावर बेतते. मनीसाठी वेगळे औषध विचारा. औषध दोन खांद्यांच्या मध्ये, जिथे तिची जीभ पोहोचत नाही तिथे, केस बाजूला करून थेट कातडीवर सोडायचे आणि आधी दोन दिवस, नंतर दोन दिवस आंघोळ घालायची नाही. पिसू गिळल्याने जंतही होतात. तिच्या शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखे काही चिकटलेले दिसले, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

गोणपाट जाळून टाका. त्याऐवजी माझे जुने सुती लुगडे अंथरा आणि दर आठवड्याला कढत पाण्यात धुवा. माडी आणि पडवी कोपऱ्यांसकट रोज झाडा, केर लगेच घराबाहेर न्या. एवढे करूनही काही आठवडे नव्या पिसवा दिसतील. त्या जुन्या कोशांतून निघालेल्या असतात, म्हणून औषध लागले नाही असे समजून मध्येच सोडू नका.

आई, ती फणी शोधू नकोस, माझ्याच बॅगेत आली आहे. या आठवड्यात एसटीच्या पार्सलने पाठवते.

तुमची,
बेबी