पंधरा दिवस मोजायचे कुठून?

महोदय,

अमली पदार्थांच्या खटल्यांत जप्त नमुन्याची फेरतपासणी सरसकट होऊ नये, अगदी अपवादात्मक परिस्थितीत आणि कारणे नोंदवूनच ती व्हावी, आणि त्यासाठीचा अर्ज अहवाल मिळाल्यापासून १५ दिवसांत करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने थानासिंग प्रकरणात २०१३ साली सांगितले. मुदतीला माझा विरोध नाही. एक तर अशा अर्जांनी खटले रेंगाळतात; शिवाय नमुनाही कोणासाठी थांबत नाही. गांजातील टीएचसी हा नशा आणणारा घटक उजेडाने व उष्णतेने कमी होत जातो, हेरॉइनचे ओलाव्यात हळूहळू विघटन होते. तपासणी करायची तर लवकरच करायला हवी.

माझी तक्रार आहे ती मोजणीबद्दल. प्रयोगशाळेचा अहवाल आधी तपास अधिकाऱ्याकडे जातो. आरोपीला त्याची प्रत बहुधा दोषारोपपत्रासोबतच मिळते, आणि व्यापारी प्रमाणाच्या, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या मोठ्या साठ्याच्या, प्रकरणांत तपासाला १८० दिवसांपर्यंत मुभा आहे. मुदत तपास यंत्रणेला अहवाल मिळाल्याच्या दिवसापासून मोजली, तर कोठडीतल्या माणसाने तो कागद पाहण्याआधीच त्याचा अर्जाचा हक्क संपलेला असतो.

प्रत हाती आली तरी तिच्यात काय असते? विधी सेवेच्या एका प्रकरणात मला मिळालेली प्रत झेरॉक्सची झेरॉक्स होती. शिक्का पसरलेला, आणि निष्कर्षाच्या रकान्यात एकच ओळ : नमुना गांजाचा आहे. कोणती चाचणी केली याचा उल्लेख नव्हता, सोबत चाचणीच्या यंत्राने काढलेला आलेख नव्हता. कायद्याच्या व्याख्येनुसार गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे वा फळांचे शेंडे; शेंडे सोबत नसतील तर नुसती पाने आणि बिया गांजात मोडत नाहीत. नमुन्यात शेंडे होते की फक्त पाला, हे त्या एका ओळीवरून कळायला मार्गच नव्हता. ठोस कारण दाखवा, असे न्यायालय वकिलाला म्हणते ते रास्तच आहे. पण ते कारण ज्या तपशिलात दडलेले असते, तोच त्याला दिला जात नाही. त्यातच हा अहवाल तज्ज्ञाची साक्ष न होताही पुराव्यात वाचता येतो.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० पाहा. ज्याच्याकडून नमुना घेतला, त्याला अहवालाची प्रत मिळाल्यापासून २८ दिवसांत तो आपल्याला मान्य नसल्याचे कळवता येते, आणि मग न्यायालय नमुना केंद्रीय औषध प्रयोगशाळेकडे पाठवू शकते. तिथे दिवस प्रत हाती पडल्यापासून मोजले जातात. अमली पदार्थांच्या कायद्यात मात्र व्यापारी प्रमाणासाठी किमान १० वर्षांची शिक्षा आहे, जामीन कलम ३७ मुळे अत्यंत अवघड आहे, आणि फेरतपासणीची अशी तरतूदच नाही.

म्हणून १५ दिवस मोजावेत ते आरोपीला अहवालाची वाचता येईल अशी प्रत, चाचणीची पद्धत आणि आलेखांसह, मिळाल्याच्या तारखेपासून, आणि ती तारीख न्यायालयाच्या रोजनाम्यात नोंदवली जावी. फेरतपासणीसाठी राखलेला दुसरा नमुना तोवर कोरड्या जागी, सील शाबूत ठेवून जपला जावा. दमट मुद्देमाल खोलीत लाखेला तडे गेलेले आणि कागद मऊ पडलेले पाकीट मी पाहिले आहे, आणि असा नमुना पुन्हा तपासून कोणाच्याच हाती काही लागत नाही. पहिला अहवाल नकारार्थी आल्यावर तपास यंत्रणेने फेरतपासणी मागितली, तर तिलाही हीच मुदत आणि हीच कसोटी लावावी.

आपला,
एक फौजदारी वकील